आक्का, तू दोन वर्षं गप्प होतीस

आक्का,

गेल्या सोमवारी तुझी प्रयोगशाळा रिकामी करायला बेळगावला गेले होते. प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागच्या अंगाची ती एकच खोली, जिथं तुझ्याआधी मोडकी बाकं ठेवायचे. शिपायानं कुलूप काढून दिलं आणि विचारलं, बाईंच्या बश्यांचं काय करायचं? इन्क्युबेटरच्या त्या ऊबदार कपाटात तुझ्या काचेच्या बश्या रचलेल्या होत्या, झाकणांवर तुझ्या बारीक अक्षरातले आकडे. आत जिवाणूंचे पांढरे ठिपके उठले होते. तुला जाऊन आठवडा होऊन गेला होता आणि ते आपले वाढतच होते. मला रडू आलं ते तिथं. दवाखान्यात आलं नव्हतं, चितेपाशीही आलं नव्हतं.

वर्तमानपत्रात तुझ्यावर दोन परिच्छेद आले. पदव्या, निबंध, विद्यार्थी, सगळं होतं. आई म्हणाली, वाच. मी वाचून दाखवलं. डीएनएची हानी आणि दुरुस्ती या विषयावरील मूलगामी संशोधन, असं एक वाक्य होतं, ते तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "ह्ये आपल्या कमलचंच हाय व्हय?" मी व्हय म्हटलं. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, तिला वाचता येत नाही तरी थोडा वेळ बघितला आणि घडी करून कपाटात ठेवला.

मला त्या परिच्छेदांतलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी बोलायचंय. आठ वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते.

आप्पा दीक्षा घेऊन आले, घरातले देव नदीत सोडून आले आणि तुझं नाव शाळेत घालून आले, असं आई सांगायची, जणू एका दिवसात त्यांनी तिन्ही कामं उरकली. तेव्हा माझा जन्मही नव्हता. मी चार वर्षांची असताना आप्पा गेले. मला आठवतं ते एवढंच, की निपाणीच्या वखारीत पोती उचलून त्यांच्या खांद्याला घट्टा पडला होता आणि मी त्यावर हनुवटी टेकवायची. आप्पांनंतर आई वखारीत जायला लागली. तिला तंबाखू चाळायला बसवत. संध्याकाळी यायची तेव्हा पापण्यांच्या केसांवरसुद्धा पिवळी धूळ असायची. आधी मागच्या दारी जाऊन डोकं धुवायची, मग आम्हाला जवळ घ्यायची. तरीही तिच्या भाकरीला वखारीचा वास यायचा. तो वास आपल्याला कळतच नव्हता. मी पुढं शिक्षणासाठी बेळगावला राहिले आणि सुट्टीत घरी येऊन पहिला घास घेतला, तेव्हा तो मला पहिल्यांदा कळला. तुला म्हटलं तर तू म्हणालीस, मला हा वास बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असतानाच कळला होता. तुला सगळंच माझ्या आधी कळायचं.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी तुझ्याकडं बेंगळूरला आले होते. तू पीएच.डी.ला लागलेली होतीस. तुझ्या कामाच्या खोलीत पिवळा दिवा होता आणि खिडकीला काळा कागद लावलेला होता. मी विचारलं, फोटो धुता काय इथं? तू हसलीस आणि मला दोन बश्या दाखवल्यास. दोन्हींत सारखेच जिवाणू पसरले, दोन्ही अतिनील दिव्याखाली सारखाच वेळ धरल्या. मग एक काळ्या कागदात गुंडाळलीस आणि एक उजेडात ठेवलीस. दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून नेलंस. काळ्या कागदातल्या बशीत मोजून काही ठिपके होते. उजेडातली बशी भरून गेली होती.

मी म्हटलं, "मेली होती न्हवं ती सगळी?"

"मरायला टेकलीती," तू म्हणालीस. "डीएनए बिघडला होता. उजेड मिळाला की त्यांच्या आतलं एक यंत्र चालू होतं, ते बिघाड सोडवतं."

आणि अंधारातले जे थोडे वाचले त्यांचं काय, असं मी विचारलं. त्यावर तुझा चेहरा जो खुलला तो अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. तू सांगितलंस की त्यांची तऱ्हा निराळी. ते बिघडलेला तुकडा कापून काढतात आणि तेवढाच नवा भरतात. काही जणांना हे जमतं, काहींना जमत नाही, आणि का जमत नाही हे मला बघायचंय, असं म्हणालीस. मला सगळं कळलं नाही. पण माझी बहीण ज्या गोष्टीपाशी उभी आहे ती मोठी आहे, एवढं कळलं. परत निघताना बसस्टँडवर तू एकदम विचारलंस, "आईला अजून चाळणीपाशीच बसवत्यात?"

त्या प्रश्नातनं पुढचं सगळं निघालं.

वखारीतल्या बायकांच्या रक्तात हाच बिघाड तुला बघायचा होता, पण तुझे पीएच.डी.चे सर तयार नव्हते. जिवाणूंवरचं काम चांगलं चाललंय, माणसांच्या रक्तात कशाला शिरतेस, असं त्यांचं म्हणणं. तू वर्षभर त्यांच्या मागं लागलीस. शेवटी त्यांनी बेळगावच्या कॉलेजातल्या आपल्या एका मित्राला पत्र लिहिलं आणि तुला ती मोडक्या बाकांची खोली मिळाली. आणीबाणी उठली त्या वर्षीची ही गोष्ट. मी तेव्हा बेळगावात टी.सी.एच. करत होते, शिक्षिकेच्या शिक्षणाला. वर्ग सुटला की तुझ्याकडं येऊन काचा धुवायची.

रक्तातल्या पेशी विभागायला लागाव्यात म्हणून घेवड्याचा अर्क लागतो, हे तू मला तेव्हा सांगितलंस. परदेशातनं मागवलेलं औषध यायला महिने लागायचे म्हणून तू तो स्वतःच काढायचीस. निपाणीच्या बाजारातनं लाल घेवडा घेऊन आलीस तेव्हा आईनं तो भिजत घातला आणि तुला विचारलं, ह्येला गूळ घालायचा का? आपण दोघी किती हसलो होतो.

वखारीत रक्त घेऊ देणार नव्हतेच. मुकादमाच्या कानावर गेलं तसं त्यानं सांगून टाकलं, रगत देईल तिला उद्यापासनं काम न्हाय. म्हणून आपण सुट्टीच्या दिवशी विहारामागच्या गल्लीत, आपल्याच घरात सुया उकळल्या. तीसेक बायका आल्या. कोगनोळीला आईच्या माहेरी जाऊन शेतावर जाणाऱ्या बायकांचंही रक्त तू घेतलंस, पडताळा बघायला. थर्मासात बर्फ घालून त्या नळ्या मांडीवर धरून आपण बेळगावच्या बसमध्ये बसलो. तीन दिवस त्या उबेत ठेवायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी करंट गेला तो रात्र उलटून गेली तरी आला नाही. तू गरम पाण्याच्या बाटल्या कपाटात ठेवत राहिलीस. सगळं वाया गेलं. तू एकेक नळी उजेडापुढं धरून बघितलीस आणि मोरीत ओतलीस.

पुन्हा रक्त मागायला जाणं हे पहिल्यापेक्षा अवघड होतं. तोवर गल्लीत कुणीतरी उठवलं होतं की हे रक्त दवाखान्यांना विकलं जातं. बायका दारात उभ्या राहिल्या, आत कुणी येईना. मग आई उठली, पाटावर बसली, पदर खांद्यावर टाकला आणि हात पुढं केला. सुई हातात धरून तू तीच जागा बोळ्यानं पुन्हा पुन्हा पुसत राहिलीस. आई म्हणाली, "घाल की गं. तुला पाजताना काय विचारलतं व्हय मी?" बायका हसल्या आणि रांगेला लागल्या.

वखारीत आईच्या शेजारी बसणारी तानूबाई सगळ्यात शेवटी आली. सुई टोचण्याआधी तिनं तुझं मनगट धरलं. "काय निगंल ते आमाला सांगशील न्हवं?"

तू म्हणालीस, "सांगीन."

तो शब्द मी ऐकला होता. सगळ्यांनी ऐकला होता.

त्या पावसाळ्यात आईचा खोकला वाढला. बोलता बोलता तिला दम लागायचा. मी हट्ट धरला की शिक्षण सोडते आणि वखारीत आईच्या जागेवर मी बसते. वखारीत आईची जागा लेकीला मिळायची, त्यात नवल नव्हतं. आईनं मला आयुष्यात एकदाच मारलं ते त्या दिवशी. तुलाही हे मीच निपाणीहून पत्रातनं कळवलं होतं, रागानं. तुझी शिष्यवृत्ती अडकली होती, नोकरी नव्हती, घर आईच्या हातावर चाललं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी ऐकत नव्हते.

तू महिनोन्‌महिने मोजत बसलीस. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून, पेशीमागून पेशी. कुठली काच कुणाची ते मोजणाऱ्याला कळू नये म्हणून नंबर दुसऱ्याकडून बदलून घेतले होतेस. मला एकदा दाखवलंस. जांभळ्या रंगात रंगवलेल्या, आखूड दोऱ्यांच्या तुकड्यांसारख्या दिसणाऱ्या त्या गोष्टी. "हितं बघ इमल. ह्यो सरळ हाय. आन ह्यो तुटलाय." मी विचारलं, कुणाचं हे? तू म्हणालीस, मलाच अजून ठाऊक नाही. तेव्हा ते खरं होतं.

मग नंबरांची यादी उघडली. तू मला बोलावलं नाहीस. मी आपणहून आले तेव्हा तू खिडकीकडं तोंड करून बसली होतीस. मी म्हटलं, तानूबाई दर आठवड्याला विचारते, काय सांगू?

"अजून काय सांगू नगंस."

मी तुला तुझ्या शब्दाची आठवण दिली. तू म्हणालीस की सरांनी बजावलंय, छापून येईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. शिवाय एकेकीचं सांगताच येत नाही. सगळ्याजणींचं मिळून काही म्हणता येतं, पण एका बाईच्या पेशींत तुटकं जास्त दिसलं म्हणजे ती आजारी पडेलच असं नाही, आणि कमी दिसलं म्हणजे वाचेल असंही नाही. तू हे फार सावकाश सांगितलंस, मुलांना शिकवावं तसं.

मी म्हटलं, मग सगळ्यांचं मिळून सांग. तू नंबरांची यादी उचलून खणात टाकलीस.

"आईचं तरी सांग."

"न्हाय."

तेव्हा मी ते बोलले, आक्का. मी म्हटलं, "रगत घेताना त्या तुझ्या मावश्या होत्या. काम झालं, आता नुसते नंबर." आणि असंही म्हटलं की तू आपली राहिली नाहीस, वखारीच्या मालकाला आमच्या हातातली तंबाखू लागते, तुला रक्त लागतं, फरक काय? तू सूक्ष्मदर्शकावर कापड घातलंस. सावकाश, चारी कोपरे सारखे करून. म्हणालीस, "जा आता. बस चुकंल तुझी."

मी गेले. दोन वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही. तुझी पत्रं यायची ती आईला वाचून दाखवायची आणि त्यातली मला उद्देशून असलेली ओळ गाळायची. आईला ते कळत असणार. ती म्हणायची, "एवढंच लिव्हलंय व्हय?" मी म्हणायची, एवढंच.

तुझा निबंध छापून आला. तू तो मला पाठवलास. इंग्रजीत होता, पण तक्ता मला वाचता आला. एका बाजूला वखारीतल्या बायका, दुसऱ्या बाजूला शेतावरच्या. फरक आंधळ्यालाही दिसावा असा होता. शेवटी आभार मानले होते, सहकार्याबद्दल, निपाणीच्या स्त्री कामगारांचे. मी तो पेटीच्या तळाशी टाकला. छापून आलं, तरी तू आली नाहीस. मला वाटलं, झालं, आता ही येतच नाही.

मग मला निपाणीतच मराठी शाळेत नोकरी लागली. पहिला पगार हातात आला त्या दिवशी मी आईचं वखारीत जाणं बंद केलं. तिची चाळणी तानूबाईच्या सुनेला गेली. आणि त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात तू आलीस. सकाळच्या बसनं, हातात पिशवी, केसांत पांढरं आलेलं. दारात उभी राहून मला म्हणालीस, विहारात बायकांना बोलावशील का? बाकी काही नाही. मीही काही विचारलं नाही. घरोघरी जाऊन सांगितलं.

त्या दिवशी तू जे बोललीस तसं मी तुला आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. फळा नव्हता, कागद नव्हता. तू सतरंजीवर त्यांच्यातच बसलीस. म्हणालीस, आपल्या अंगात बारीक बारीक पेशी आहेत, आणि दर पेशीत अंग कसं चालवायचं ते लिहून ठेवल्यागत असतं. रोज त्यात कुठं ना कुठं फाटतं. उन्हानं, धुरानं, काही कारण नसतानासुद्धा. आणि ते सांधायची सोयही आतच असते. मग तू त्यांनाच विचारलंस, वखारीत फाटकी पोती शिवायला किती बायका असतात? दोन, तानूबाई म्हणाली. दिवसाला दहा फाटली तर? शिवून होतील. शंभर फाटली तर?

मागून कुणीतरी म्हणालं, "मग तशीच भरत्यात की."

"तसंच हाय," तू म्हणालीस. "धूळ रोज आत जाती. सांधणारं सांधतंय, पर मागं पडतंय."

तानूबाईनं विचारलं, कोगनोळीच्या बायकांपेक्षा आमचं जास्त फाटलंय का? तू म्हणालीस, व्हय, जास्त. तू मान खाली घातली नाहीस, शब्द मऊ केला नाहीस. एकेकीनं आपापलं विचारलं तेव्हा मात्र मला सांगितलं होतंस तेच सांगितलंस, की एकेकीचं भविष्य मला यातनं वाचता येत नाही. बायकांनी ते माझ्यापेक्षा समजून घेतलं. मग तानूबाई म्हणाली, "आन ह्ये सांगाय दोन वरसं लागली व्हय गं तुला?"

मी तुझ्याकडं बघत होते. खरं सांगते, मला आत कुठंतरी बरं वाटत होतं, की माझा प्रश्न आता सगळ्यांनी विचारला.

"चुकलं माझं," तू म्हणालीस. "माझंच चुकलं."

एवढंच. सरांचं नाव घेतलं नाहीस, छापण्याचं कारण दिलं नाहीस. तानूबाई उठून तुझ्याजवळ आली आणि तुझ्या पाठीवरून हात फिरवून परत जागेवर बसली.

पुढच्या महिन्यात बायका मिळून मालकाकडं गेल्या. तानूबाई पुढं होती, म्हणून तिला काही दिवस घरी बसवलं. शेवटी चाळणीच्या बाजूच्या बुजवलेल्या खिडक्या उघडल्या आणि जेवणाआधी हात धुवायला एक नळ बसला. खिडक्या आणि नळ. बाहेरच्याला हसू येईल. पण मला आठवतं, तानूबाई त्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुऊन यायची आणि भाकरी सोडायच्या आधी हातांचा वास घेऊन बघायची.

तू बेळगावच्या त्याच कॉलेजात शिकवायला लागलीस, त्याच खोलीत. बेंगळूरला तुझी जागा होती, तुझे सर बोलवत होते, तू गेली नाहीस. पुन्हा जिवाणूंकडं वळलीस. तुझा प्रश्न मात्र वखारीतलाच होता. एकाच चाळणीपाशी, एकाच धुळीत दोन बायका वीस वर्षं बसल्या, एकीचं फार तुटलं, दुसरीचं थोडं. का? एकीचे सांधणारे हात जास्त चपळ का? तू म्हणायचीस, जिवाणूत आधी कळू दे, मग माणसाकडं येईन. तुझ्या विद्यार्थिनी मच्छे, सांबरा असल्या जवळपासच्या गावांतल्या, शेतकऱ्यांच्या पोरी. त्या तुला घाबरायच्या आणि डब्यातली चटणी तुझ्या टेबलावर ठेवून जायच्या. रविवारी तू निपाणीला यायचीस. आपण तिघी जेवायचो. तू माझ्या वर्गातल्या मुलांची अक्षरं तपासायचीस, मी तुझ्या चष्म्याच्या काचा पुसून द्यायची. सगळं होतं तसं झालं होतं, असं कुणालाही वाटलं असतं. पण त्या दोन वर्षांविषयी आपण दोघी कधी बोललो नाही. त्या विषयाच्या कडेकडेनं जायचो आणि तिसऱ्याच गोष्टीवर यायचो.

तुझ्या हृदयाची झडप लहानपणच्या त्या सांधे सुजलेल्या तापात बिघडली होती, हे डॉक्टरांनी सांगितल्याला तीन वर्षं झाली. शस्त्रक्रिया करून घे म्हणून मी तुझ्याशी भांडले. हे भांडण मात्र तोंडावर भांडले. तू दर वेळी म्हणायचीस, ह्या खेपेच्या बश्या होऊ देत. चाळिशीसुद्धा गाठली नाहीस, आक्का. शेवटच्या दिवशी मी उशाशी होते. तू माझा हात धरून काहीतरी म्हणायला बघत होतीस आणि मी तुला सारखी म्हणत होते, बोलू नको, दम लागेल. ते मी का म्हटलं? बोलू का दिलं नाही तुला?

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते.

विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. पासष्टी उलटली तिची. खोकला आहे, पण चालते, पाणी भरते, रागावते. मी सहज म्हटलं, आक्कानं तुझ्या रक्तात काय बघितलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. सहजही नाही, त्यात थोडं कडू होतंच. आईनं शेंगा फोडायच्या थांबवल्या नाहीत.

"मला सांगितलतं तिनं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, कधी?

"तू शिकत व्हतीस तवा. सगळ्यांत जास्त माझंच तुटल्यालं हाय म्हनली. वखार सोड म्हनली. मी म्हनलं, मी सोडली की इमल शिकायचं सोडून माझ्या जागंला बसंल. तू कुणालाच काय सांगू नगंस. इमलला नोकरी लागंस्तवर न्हाय."

मी म्हटलं, आणि बाकीच्या बायका?

आईचा हात तेव्हा थांबला. म्हणाली, तेच म्हणत होती ती. तानूला काय सांगू, बाकीच्यांना काय सांगू म्हणून लई रडली. पण एकीला कळलं की सगळ्या गल्लीला कळलं असतं, आणि मग इमलला. "मी तिला माझी आण घातली. पाप माझं हाय, तिचं न्हाय."

मी उठून आत गेले आणि पेटीच्या तळाशी टाकलेला तो निबंध काढला. पहिल्यांदा नीट बघितला. मग दिवस जुळवले. माझा पहिला पगार, आईचं वखार सोडणं, आणि तिसऱ्या आठवड्यात दारात उभी असलेली तू. इतकं सरळ होतं, आणि मी शाळेत गणित शिकवते.

मला काय वाटतं ते मला नीट सांगता येत नाही. कृतज्ञता वाटते म्हटलं तर ते अर्धंच आहे. दोन वर्षं तानूबाई त्या बंद खिडकीपाशी बसली, तिची सून नंतर येऊन बसली, बाकीच्या बसल्या, का, तर मी खडू हातात धरावा म्हणून. तुला हे रोज दिसत असणार. मला ते कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी न्हायच म्हटलं असतं, म्हणून तर तुम्ही दोघींनी विचारलं नाही. तू विहारात ‘माझंच चुकलं’ म्हणालीस ते कबूल करणं होतं की आम्हाला दोघींना झाकणं होतं? की तुलाही ते वेगळं करून सांगता आलं नसतं? आणि छापून येईपर्यंत बोलू नका म्हणणाऱ्या सरांची भीती, तीही थोडी होती का? असली तर असू दे. मला फक्त किती होती ते ऐकायचंय.

तानूबाईला हे सांगायला हवं, असं मला वाटतं. मी उद्या तिच्याकडं जाणार आहे. ती रागावेल तर माझ्यावर रागावू दे. आईला मी तसं सांगितलंय. ती म्हणाली, "मीबी येतो."

आणि एक. त्या दुपारी मी आईला विचारलं, पुढं तरी का नाही सांगितलं मला, नोकरी लागल्यावर, इतकी वर्षं? आई म्हणाली, मीच म्हटलं होतं तिला की आता सांग. तर ती म्हणायची, मी होऊन सांगितलं तर उपकार सांगितल्यागत होईल. "इमल एकदा तरी इचारंल की, का गप्प बसलीस म्हणून. तवा सांगीन."

मी तुला पुष्कळ बोलले, आक्का. शब्दाची आठवण दिली, हिशोब मागितला, आईचं सांग म्हणून अडून बसले. ‘का’ म्हणून एकदाही विचारलं नाही. आठ वर्षं दर रविवारी तू समोर जेवायला बसायचीस.

आता उत्तर मला कळलंय. पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि मग त्यावरून तुझ्याशी भांडायचं होतं.